घरच्या कामासाठी घेतलेला ३/८ इंची टॉर्क पाना: वर्षभराच्या वापरानंतरचे मत

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या १२५ सीसी मोटारसायकलचे ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल खाली सोडण्याच्या भोकाचा बोल्ट, इतका आवळला गेला, की पुढच्या खेपेला तो सोडवताना इंजिनच्या तळाचे आटेही त्याच्याबरोबर सोलून बाहेर आले आणि तिथे हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घ्यावे लागले. बोल्ट पोलादी आणि आवरण अॅल्युमिनियमचे असले की जास्तीचा जोर नेहमी आवरणाच्याच आट्यांना भोवतो. तेव्हापासून ऑइल, चेन आणि स्पार्क प्लगची कामे मी घरीच करतो, आणि गोटी पान्यांच्या सेटनंतर पहिली खरेदी केली ती क्लिक होणाऱ्या टॉर्क पान्याची.

हा पाना ३/८ इंची चौकोनाचा (गोटी ज्यावर बसते तो), ५ ते ६० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) पल्ल्याचा असून मला तो २,४०० रुपयांना मिळाला. याच घडणीचा पाना बाजारात निरनिराळ्या नावांनी विकला जात असल्यामुळे नावापेक्षा प्रकाराविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मूठ फिरवली की दांड्यातली स्प्रिंग कमी-अधिक दाबली जाते आणि ठरवलेला जोर बोल्टवर पडताच डोके किंचित सुटून ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आल्यावर हात तिथेच थांबवायचा असतो, कारण पाना पुढे ओढत राहिल्यास बोल्ट आवळला जातच राहतो.

सोबत आलेल्या प्रमाणपत्रावर पान्याचा अनुक्रमांकच नव्हता, म्हणून मी त्याची परीक्षा घरीच घेतली. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये धरून दांडा आडवा ठेवला आणि चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटिमीटरवर, मुठीवरच्या खुणेपाशी, दोरीने बादली टांगली. पान्याचे स्वतःचे वजनही दांडा खाली ओढते हे विसरून चालत नाही. ते ७०० ग्रॅम भरले आणि पट्टीच्या कडेवर तोलून पाहता तोल १५ सेंटिमीटरवर साधला, म्हणजे सुमारे १ न्यूटन-मीटर त्याचाच झाला. या हिशेबाने २० न्यूटन-मीटरला बादलीसकट ६.४५ किलो वजन पुरायला हवे होते. पेल्या-पेल्याने पाणी ओतत गेलो आणि तीन वेळा क्लिक आला तो ६.५, ६.६ आणि ६.५ किलोला. हा फरक दोन टक्क्यांच्या आसपासचा आहे. अशा पान्यांसाठी आयएसओ ६७८९ या मानकाची मर्यादा साधारणपणे अधिक-उणे चार टक्क्यांची असते, हे ध्यानात घेता या किमतीच्या पान्याकडून मला एवढ्या अचूकपणाची अपेक्षा नव्हती.

मात्र हाच पाना ८ न्यूटन-मीटरवर लावला तेव्हा २.४ किलोऐवजी एकदा २.९ आणि एकदा २.६ किलोला क्लिक आला, आणि तोही इतका मंद की पंखा चालू असता तर ऐकूही आला नसता. पल्ल्याच्या तळच्या पाचव्या हिश्शात क्लिक पान्यावर विसंबू नये असे जाणकार सांगतात, ते मला इथे प्रत्यक्ष दिसले. मोटारसायकलीवरच्या ६ मिलिमीटरच्या बहुतेक बोल्टांना १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, म्हणून क्लच कव्हरसारख्या कामांना हा पाना मी लावत नाही. त्यासाठी ५ ते २५ पल्ल्याचा १/४ इंची पाना वेगळा घ्यावा. ड्रेन बोल्टला मात्र हा अगदी योग्य आहे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्यासाठी २४ न्यूटन-मीटर दिले आहेत.

माझी मुख्य तक्रार आकड्यांविषयी आहे. दांड्यावरचे कोरीव आकडे उथळ आहेत आणि हाताला ऑइल लागले की ते जवळजवळ दिसेनासे होतात. मी त्यांत पांढरा रंग भरून कापडाने पुसून घेतला, तेव्हा कुठे ते वाचता येऊ लागले. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला फूट-पाउंडांची पट्टी आहे आणि खरा धोका तिथे आहे, कारण चुकून त्या पट्टीवर २४ लावले तर बोल्टवर साडेबत्तीस न्यूटन-मीटर पडतील. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असल्यास त्या आकड्याला ९.८ ने गुणावे.

पाना चांगला असला तरी बोल्टची तयारी नीट नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के जोर आट्यांतल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे मॅन्युअलमध्ये तसे सांगितले नसताना आट्यांना ऑइल लावले तर त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मी आटे कापडाने कोरडे करतो, ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा टाकतो, बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बसवतो आणि मगच टॉर्क पाना हाती घेतो. गंजलेला किंवा घट्ट बसलेला नट सोडवायला रॅचेट उलटी फिरवून हाच पाना वापरण्याचा मोह होतो, पण ते काम साध्या लांब पान्याचे आहे. काम झाल्यावर मूठ ५ च्या खुणेपर्यंत परत आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत पडून राहत नाही; त्या खुणेच्याही खाली ती फिरवू नये. परवा चौथ्यांदा ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट साध्या गोटी पान्याने, एका हाताच्या जोरावर सुटला.