राखाडी मॅट पात्याचा चाकू आणि कोकणातला एक पावसाळा

स्टील कुठलं, लॉक कसलं, क्लिप कुठल्या बाजूला, हे सगळं जाहिरातीत आहेच, ते परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही घालत नाही. माझं भांडण त्या राखाडी मॅट पात्याशी आहे आणि तसलं पातं स्वस्तातल्या कितीतरी चाकूंना येतं.

हा घडीचा चाकू दिवाळीनंतर चौदाशे रुपयांना घेतला. उन्हाळा संपेपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती. सुतळी, आंब्याच्या खोक्यांच्या पट्ट्या, कलमांची बारीक छाटणी सगळं झालं. एका हाताने उघडतो, धार बरी टिकते. रंगही आवडला होता, उन्हात चमकत नाही म्हणून.

मृग लागला आणि खरा रंग दिसला. आमचं घर गुहागरला, समुद्राच्या अगदी जवळ. जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे चाकूचं काय! गंज पहिल्यांदा धरला तो कंपनीच्या नावावर. लेझरने कोरलेली अक्षरं एकेक करत तांबडी झाली. मग पात्याच्या सपाट भागावर मोहरीएवढे ठिपके. कैरी कापून नुसता फडक्याने पुसून ठेवला, तर सकाळी त्यात भर.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, गंज वॉरंटीत येत नाही. वापरून झाल्यावर कोरडा करून तेल लावा." तेलच लावायचं तर स्टेनलेसचे पैसे कशाला घेतले? बरीच वादावादी झाल्यावर हाती पडलं दहा टक्क्यांचं कूपन. म्हणजे पुढचा चाकूही यांच्याकडूनच घ्यायचा!

तोवर माझं ठाम मत होतं की स्टील डुप्लिकेट आहे. पण भिंगाखाली धरला तर दगडावर घासलेली धारेची पट्टी लख्ख, एक ठिपका नाही. पातं तेच, पाणी तेच, गंज फक्त मॅट भागाला.

हा मॅटपणा येतो पात्यावर बारीक मण्यांचा किंवा खड्यांचा जोरदार मारा करून. स्टेनलेस टिकतं ते क्रोमियममुळे. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते वर काही नॅनोमीटरचा थर धरतं. त्यासाठी साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. माझ्या चाकूच्या ८सीआर१३एमओव्ही नावाच्या स्टीलमध्ये ते तेराच्या आसपास, आणि त्यातलंही काही कार्बनशी बांधलेलं. शिल्लक मुळातच बेताची. त्यात पृष्ठभाग खडबडीत केला की खळग्यांत ओल आणि मीठ दबा धरून बसतं, फडकं तिथे पोचत नाही, आणि मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. माऱ्याच्या खड्यांत लोखंडाचे कण असले तर ते पात्यात रुतून आधी गंजतात. लेझरच्या अक्षरांपाशी तर उष्णतेनेच थर बिघडलेला.

तरी शंका होतीच, की धार वरचेवर घासली जाते म्हणून स्वच्छ राहत असेल. मग हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर आणले, खरखरीत ४०० पासून अगदी बारीक २००० नंबरपर्यंत. धारेला चिकटपट्टी लावून पात्याची फक्त डावी बाजू घासली. सगळा वेळ ४०० नंबर खातो, मॅट निघता निघत नाही. दर कागदाला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा उरल्या का ते कळतं. त्यानंतर सगळा श्रावण दोन्ही बाजूंना सारखीच वागणूक, तेल नाही. उजवीकडे ठिपके वाढत गेले. डावीकडे फक्त मुठीजवळ, जिथे कागद नीट पोचला नव्हता, तिथे एक तांबूस रेघ. बाकी स्वच्छ! खर्च शंभराच्या आत.

मग आरशासारखी चकाकी आणायची हाव सुटली. किल्ल्यांच्या जुडग्यातला व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा स्विस चाकू कसा लखलखीत राहतो! पण ते सगळं श्रेय पॉलिशचं नव्हे. त्यात क्रोमियम पंधराच्या आसपास, कार्बन अर्ध्या टक्क्याजवळ. ते स्टीलच गंजाला दाद देत नाही. शिवाय चकचकीत बाजूवर ओरखडा लगेच दिसतो. तेव्हा २००० वरच थांबलो. आता घ्यायचा झाला तर स्टोनवॉश बघेन. खड्यांबरोबर ड्रममध्ये फिरवलेलं ते पातं मॅटपेक्षा गुळगुळीत असतं आणि ओरखडे लपवतं. काळं कोटिंग दिसतं झकास, पण धार लावली की कड उघडीच.

राहिली तक्रार सांध्याची. मुठीच्या आतल्या पट्ट्याही मॅट, तिथे कागद जात नाही. टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू खोलले की वॉरंटी रद्द, असं पत्रकात लिहिलंय. कसली वॉरंटी? खोलला, पुसला, शिलाई मशीनचं तेल सोडून परत बसवला.

चौदाशेला दोन तारे. सेलमध्ये आठशेला मिळाला आणि घासायची तयारी असेल तर साडेतीन. कूपन पडून आहे, कुणाला हवं असल्यास सांगा.