रोजचं शास्त्रवाचन: वार्षिक योजना, मननपुस्तिका की एकच पुस्तक हळूहळू?

यंदा बायबल कसं वाचायचं, हा प्रश्न मिरजेच्या आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या उपासनेनंतर हमखास निघतो. तिन्ही पद्धती मी करून पाहिल्यात, त्यामुळे माझं मत सांगतो.

वार्षिक योजनेचा हिशेब सरळ आहे. पुस्तकं ६६, अध्याय १,१८९. रोज तीन-चार अध्याय वाचले की वर्षात शास्त्र पूर्ण होतं आणि अब्राहामापासून प्रेषित पौलापर्यंतचा धागा नजरेत येतो. पण जानेवारी सरताना लेवीय, नियमांनी भरलेलं तिसरं पुस्तक, लागतं आणि बऱ्याच जणांची गाडी तिथं अडते. मागे पडलेले अध्याय भरून काढायच्या घाईत डोळे पुढं जातात, मन मागं राहतं.

मननपुस्तिकेत एक वचन, अर्धा पान चिंतन आणि प्रार्थना. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला किंवा पहाटे धारा काढणाऱ्याला हीच झेपते, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र वचन एकटं येतं. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे' हे वचन दहावीच्या पोरांना परीक्षेआधी देतात. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात त्याच्या वरच्या दोन ओव्या, म्हणजे वचनं, वाचा. पौल बंदिवासात आहे. तृप्तीत आणि उपासमारीत, दोन्हीकडं समाधानी राहायला शिकलो, असं तो सांगतोय. तिथं यशाची हमी नाही, टिकून राहण्याचं बळ आहे.

तिसरी पद्धत, एकच पुस्तक हळूहळू, माझी आवडती. मी बायबलमधलं याकोबाचं पत्र घेतलं. पाचच अध्याय, रोज आठ-दहा ओव्या. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय म्हटलंय, कोणाला म्हटलंय, आज मी काय करायचं. पाचव्या अध्यायात शेतं कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं आलं आणि मी थांबलो. आमच्या घरात हळदीची पोती पडून होती, सांगलीत दर चढायची वाट बघत. काढणीच्या बायकांना 'सौदा झाला की देतो' म्हणून तीन आठवडे झाले होते. त्याच संध्याकाळी पतसंस्थेतून पैसे काढले आणि सगळ्यांचा हिशेब चुकता केला.

नंतर लेवीय १९ उघडलं. मजुराचं वेतन सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नको, असं तिथं स्पष्ट आहे. आदल्या वर्षी योजनेत मी तो अध्याय वाचला होता; समासात पेन्सिलीची खूणही होती.

हळू वाचण्यात एक उणीव आहे: आपल्याला दिसतं तेवढंच खरं वाटू लागतं. म्हणून आठवड्याला एक कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा, हवीच. साताऱ्यात शेवटची वर्षं घालवलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद म्हणायचं आणि प्रत्येकानं आपली वही उघडायची. मजुरी घेणारी बाई याकोब वाचते तेव्हा तिला वेगळी ओवी दिसते, ती ऐकायला मिळते.

भाषा जड वाटली तर सोपी आवृत्ती शेजारी ठेवा. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं होतं.

अगदी नव्यानं सुरू करत असाल तर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्या, १६ अध्याय. आधी महिना-दोन महिने एवढंच करा. वार्षिक योजना पुढच्या जानेवारीला, आणि तेव्हा लेवीयाला पोचलात की तिथं दोन दिवस जास्त थांबा.