टोरांटो कॅथलिक जिल्हा शाळा मंडळ : एका पालकाचा अभिप्राय

मुलीच्या प्रवेशासाठी वसईच्या चर्चमधून मागवलेला, घडीवर विरलेला माझा बाप्तिस्म्याचा दाखला लिपिकबाईंनी दोन्ही हातांनी जपून उलगडला, तेव्हाच या मंडळाविषयी माझे मत चांगले झाले. कॅथलिक शाळा असूनही येथे शिक्षणशुल्क नाही, कारण १८६७ च्या कॅनडाच्या राज्यघटनेतील कलम ९३ ने ऑन्टारिओ प्रांतातील कॅथलिकांचे सरकारी अनुदानावरील स्वतंत्र शाळांचे हक्क राखले. माध्यमिक शाळेच्या अखेरपर्यंतचे पूर्ण अनुदान मात्र १९८४ च्या घोषणेनंतरच मिळू लागले. १९५३ साली टोरांटो महानगराचे कॅथलिक शाळा मंडळ म्हणून स्थापन झालेले हे मंडळ १९९८ मध्ये आजच्या रूपात आले.

कारभार पाहणारे १२ विश्वस्त बिशप नेमत नाहीत, तर कॅथलिक मतदार निवडून देतात. धर्मप्रांताने चालवलेल्या शाळेत शिकलेल्या मला याचे फार अप्रूप वाटते. म्हणूनच जून २०२५ मध्ये प्रांतिक सरकारने आर्थिक कारणे देऊन मंडळावर पर्यवेक्षक नेमला, हे मला मनापासून खटकते. हिशेब चोख हवाच, पण त्यासाठी आम्ही निवडलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून घेणे योग्य नव्हे. शिकवण्यात मला उणे दिसत नाही. तरी ते अधिकार परत मिळेपर्यंत मी पाचपैकी चारच तारे देईन.