जिगसॉ पद्धत: सातवीच्या वर्गात सत्रभर वापरल्यानंतर

भेदभाव वाईट असतो असं सांगणारे तक्ते वर्गात पुष्कळ लागतात. मुलं ते निबंधात उतरवतात आणि मधल्या सुट्टीत डबा आपापल्या कोंडाळ्यातच उघडतात. जिगसॉत भेदभावाचा विषयच निघत नाही. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक द्यायचा आणि त्याने तो बाकीच्यांना शिकवायचा; एकमेकांवाचून धडा पुरा होऊ नये अशी सोय केलेली असते, एवढंच. ऑस्टिन (टेक्सास) इथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत बसवली. दहा पायऱ्यांची कृती जिगसॉ डॉट ऑर्गवर फुकट मिळते, इंग्रजीत.

चाळीस मुलांचे पाचाचे आठ गट करा. निम्मं यश इथेच ठरतं. हजेरीपटावरच्या आडनावांवरून गट पाडायला गेलात तर मुलांना लगेच कळतं. त्यापेक्षा आठवडाभर कोण कोणाबरोबर डबा खातं ते बघा. प्रत्येक गटात एक अस्खलित वाचणारं आणि एक अडखळणारं मूल, मुलगे-मुली मिसळून, आणि एका कोंडाळ्यातलं शक्यतो एकच. मुलं बेचाळीस असतील तर दोन गट सहांचे करा आणि त्यांत एक तुकडा दोघांना मिळून द्या.

धडा चरित्राचा असेल तर सगळ्यात सोपं. सावित्रीबाईंचे पाच तुकडे सहज पडतात: नायगावचं बालपण आणि लग्न, १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाजाचं काम, १८९७ ची प्लेगची साथ. एक तुकडा आठ-दहा ओळींचा, बाकीचे चार न वाचताही समजेल असा. पाठ्यपुस्तकातला मजकूर जसाच्या तसा देऊ नका; पुस्तक उघडलं की कोणाला कोणाची गरज उरत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लाविनच्या सुधारित जिगसॉ पद्धतीत सगळेच सगळा मजकूर वाचतात आणि गटाला गुण मिळतात. गुणांसाठी ती बरी असेल, पण मुलांना जोडणारा धागा तिथे सैल पडतो.

पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका लागतात. पहिलीत आठ मिनिटं ज्याने-त्याने आपला तुकडा दोनदा वाचायचा, मग बारा-पंधरा मिनिटं तज्ज्ञ गट, म्हणजे एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र. आठ जणांत दोघंच बोलतात, म्हणून त्याचे चार-चारचे दोन गट करा. ही पायरी वेळ वाचवायला गाळली, तर अडखळत वाचणारं मूल आपल्या गटात उघडं पडतं आणि त्याच्याबद्दलचा जुना समज आणखी पक्का होतो. पद्धत उलटते ती बहुतेक इथेच. दुसऱ्या तासिकेत मूळ गटात प्रत्येकाला चार मिनिटं, आणि शेवटी दहा मिनिटांची चाचणी. चाचणी एकट्याची, प्रश्न पाचही तुकड्यांवर.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वैताग येतो. हुशार मूल दुसऱ्याच्या हातातली चिठ्ठी ओढून स्वतःच वाचून दाखवतं. शिक्षकाने मध्ये पडून ओरडू नये. गटप्रमुखाच्या कानात ‘जिची चिठ्ठी आहे तिला प्रश्न विचार, उत्तर चाचणीत लागणार आहे’ एवढं सांगावं. चार-पाच धड्यांनंतर चिडवणारी मुलंच ‘म्हणजे काय, परत सांग’ म्हणायला लागतात. गैरहजेरी मात्र कायमची डोकेदुखी. सुगीत आणि यात्रेच्या दिवसांत पूर्ण गट भरतच नाही. ज्या गटात सहावं मूल नाही, तिथे प्रमुखाला दोन तुकडे द्यावे लागतात.

फरक दिसतो तो गटापुरता. गटातली मुलं खेळायला एकमेकांना घेतात, पण वस्तीतल्या सीमा तशाच राहतात. सहा-आठ आठवड्यांनी गट मोडून नवे केले नाहीत, तर गटच नवी कोंडाळी होतात.

इतिहास, भूगोल, परिसर अभ्यासाला जरूर वापरा. गणितात, जिथे दुसरी पायरी पहिलीवर उभी असते, तिथे नको.