एपिक्टेटस की मार्कस ऑरेलियस: आधी कोण वाचावा?

स्टोइक विचार, म्हणजे मनाचा तोल सांभाळायला शिकवणारं प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान, रोजच्या जगण्यात वापरायचा असेल, तर सुरुवात या पंथाचा शिक्षक एपिक्टेटस याच्यापासूनच करावी. त्याची हस्तपुस्तिका शिष्य एरियनने संकलित केली. 53 छोटी प्रकरणं, एका बैठकीत सहज संपतात. पण तशी वाचू नयेत. दिवसाला एकच पुरे. चौथं प्रकरण बघा: सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधीच मनाशी म्हणायचं, तिथे कुणी पाणी उडवेल, कुणी धक्का देईल, कुणी चोरीही करेल, मला अंघोळ करायची आहे आणि मनाचा तोलही सांभाळायचा आहे. हीच उजळणी अवघड मीटिंगला निघताना दोन मिनिटं करावी.

गफलत होते ती पहिल्या प्रकरणात, जिथे काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात असं सांगितलंय. ‘आपल्या हातात नाही’ म्हणजे ‘सोडून द्या’ असं अनेकजण समजतात. परीक्षेचा निकाल हातात नसतो, अभ्यास असतो! आणि तिसरं प्रकरण, जिथे आप्तांच्या मृत्यूचा विषय येतो, ते ताज्या दुःखात वाचू नये. फार कठोर वाटतं.

रोमचा सम्राट मार्कस याची ‘मेडिटेशन्स’ ही 12 भागांची ग्रीक टिपणं त्याने स्वतःसाठी लिहिली. म्हणून क्रम नाही, पुनरुक्ती भरपूर. पहिला भाग ऋणनिर्देशाचा, नवखे तिथेच कंटाळतात. थेट दुसऱ्यापासून सुरू करावं. पाचव्याच्या सुरुवातीला तर रोमचा सम्राट अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःची समजूत घालतोय. रोजनिशी लिहायची असेल तर हाच नमुना घ्यावा: रात्री तीन-चार ओळी, स्वतःला ‘तू’ म्हणून.