ड्रायव्हर सापडेना म्हणून कार्डच देऊन बसलो

लांबलंय थोडं, पण विंडोज टाकताना कुणी माझ्यासारखं अडकलं तर हे वाचून तरी वाचेल म्हणून लिहितोय.

लॅपटॉप स्लो झाला होता, म्हटलं सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकू. डेटा आधीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवला होता, त्या दिवशी तेवढीच एक अक्कल चालली. सेटअपचा पेन ड्राइव्ह बनवला, लॅपटॉप त्यावरून बूट झाला, भाषा वगैरे निवडली आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारतात तिथे यादीच रिकामी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखता यावी म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) हवा असेल तर लोड ड्रायव्हर दाबा, असा मेसेज. दाबलं, ब्राउझ केलं, काही नाही. चार वेळा रीस्टार्ट केलं, तेच. रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि सकाळी याच लॅपटॉपवर काम.

मग मोबाइलवर तो मेसेज जसाच्या तसा सर्च केला आणि सगळ्यात वरचं पान उघडलं. लॅपटॉप कंपनीचाच सपोर्ट वाटेल असं पान, रंग तेच, वर मोठ्ठा नंबर. आता बघतो तर पत्ता भलताच होता आणि सर्चमध्ये बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं पण होतं, घाईत कोण बघतंय.

फोन लगेच उचलला, इथेच खरं तर शंका यायला हवी होती. माणूस एकदम शांत. "सर, टेन्शन घेऊ नका, ड्रायव्हर करप्ट झालाय, आमच्या सर्व्हरवरून टाकावा लागेल, जवळ दुसरा कॉम्प्युटर आहे का?" भावाचा लॅपटॉप होता. त्यावर दुरून कॉम्प्युटर चालवायचं रिमोटचं ऍप टाकायला लावलं आणि कर्सर आपोआप फिरायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी) उघडून लाल खुणांची भली मोठी यादी दाखवली, म्हणे बघा सर, तुमच्या नेटवर्कमध्येच व्हायरस आहे, म्हणून एसएसडी, म्हणजे तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क, दिसत नाहीये. मला घाम फुटला. नंतर कळलं की त्या लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवर पण असतात, तुम्ही आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही निघतील.

मग वर्षभराचा ड्रायव्हर प्लॅन घ्या म्हणाला. कार्ड नंबर टाकला, ओटीपी आला, तर हा शहाणा म्हणतो, "सर, ओटीपी मला सांगू नका हं, कुणालाच सांगायचा नसतो, तुम्हीच टाका." मला वाटलं किती प्रामाणिक माणूस! अरे पण स्क्रीन तर त्यालाच दिसत होती ना, कार्ड नंबर, मागचे तीन आकडे, सगळं. मग म्हणाला अपडेट चालू आहे, स्क्रीन काळी होईल, कशाला हात लावू नका. काळी झाली. दहाएक मिनिटांनी मोबाइलवर पैसे कापल्याचा दुसरा मेसेज आला, तेव्हा कुठे डोकं चाललं आणि राउटरची वायरच ओढून काढली. कार्ड तिथल्या तिथे ब्लॉक केलं, बँकेत तक्रार केली, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. दुसऱ्या व्यवहाराची चौकशी चालू आहे, पहिल्याचा ओटीपी मीच टाकलेला त्यामुळे तिथे बोलायला तोंड नाही. भावाचा लॅपटॉप पण पूर्ण पुसावा लागला, तो अजून धड बोलत नाहीये.

आणि मूळ भानगड काय, तर काहीच बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मित्राने आधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग) उघडून दाखवलं, एसएसडी तिथे नावानिशी दिसत होती. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते, एसएसडी तिच्यामागे असते, आणि पेन ड्राइव्हवरच्या सेटअपमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी येते. तो ड्रायव्हर कंपनीच्या खऱ्या साइटवर, तुमच्या मॉडेलच्या पानावर, फुकट असतो. फक्त डाउनलोड झालेली ईएक्सई फाइल तशीच पेन ड्राइव्हवर टाकून चालत नाही, ती एक्स्ट्रॅक्ट करून आतल्या आयएनएफ फाइलवाला पूर्ण फोल्डर टाकायचा आणि लोड ड्रायव्हरमधून तो दाखवायचा. आमचं वीस मिनिटांत झालं. व्हीएमडी बायोसमधून बंद करूनही चालतं, पण डिस्कवर आधीची विंडोज ठेवायची असेल तर उगाच बंद करू नका, ती बूटच होत नाही मग.

मीडिया ड्रायव्हर मिसिंग असा दुसरा एक मेसेज येतो, त्यात बहुतेक वेळा आयएसओ (विंडोजच्या सेटअपची फाइल) अर्धवट उतरलेली असते नाहीतर पेन ड्राइव्ह खराब असतो. परत डाउनलोड करा, हॅश (फाइल नीट उतरली का ते कळायचा कोड) जुळवून बघा, यूएसबी पोर्ट बदला. यूएसबी ३ पोर्टवरून जुनी विंडोज ७ टाकणाऱ्यांना तर हा हमखास येतो कारण तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही.

परवा परत फोन आला, नंबर वेगळा, आवाज तोच. "सर, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त ते ऍप परत एकदा टाका."