वॉटर स्कूटरचा आफ्टरमार्केट सेल्फ: हंगामभर वापरल्यावर

आधी रंगाबद्दल बोलतो, कारण या सेल्फविषयीची (बटण दाबल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) माझी निम्मी तक्रार रंगाचीच आहे. आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेल्या, सेल्फला नाकापासून बुडापर्यंत काळा पावडर कोट मारलेला येतो. दिसायला झकास. पण ज्या कानांतून बोल्ट जाऊन सेल्फ इंजिनाला बसतो, त्या कानांच्या पाठीवरही तोच जाड थर! लाल केबलने आलेला करंट सेल्फच्या अंगातून इंजिनाच्या ब्लॉकवाटे बॅटरीकडे परत जातो. नेमक्या त्या जागी रंग फासला तर त्याने जायचं कुठून? माझ्या मशीनच्या ओरिजिनल सेल्फला ही जागा उघडी, साफ मशीन केलेली आहे.

आमची थ्री-सीटर फोर स्ट्रोक मशीन अंभोऱ्याच्या बाजूला, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये भाड्याने चालते. स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही. पण भाड्याच्या मशीनचा सेल्फ घरच्या मशीनपेक्षा लवकर झिजतो, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. नवखा माणूस वळणावर पडतो, मनगटाच्या दोरीने इंजिन बंद होतं, वर चढला की पुन्हा सेल्फ. त्यात या मशीनला क्लच नाही. इम्पेलरचा (पाणी मागे फेकणाऱ्या पंपाच्या पंख्याचा) शाफ्ट थेट इंजिनाच्या क्रँकला जोडलेला, म्हणून सेल्फला इंजिनासोबत पंपही फिरवावा लागतो. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे इथंच येतं, त्यावर जलपर्णी माजते. तिची मुळं इनटेकच्या जाळीतून शिरून इम्पेलरला गुंडाळली की सेल्फवर दुप्पट ताण.

ऐन उन्हाळ्यात ओरिजिनल सेल्फ बंद पडला. नव्याची किंमत ऐकली आणि यायला किती दिवस लागतील तेही ऐकलं. तोवर शाळांच्या सुट्ट्या संपून गेल्या असत्या. आफ्टरमार्केट साधारण पाव किमतीत, तोही घरपोच. मागवला. गिअरचे दात, फिरण्याची दिशा, कानांतलं अंतर जुन्याशी ताडून पाहिलं, सगळं बरोबर.

बसवल्यापासून तो जड फिरत होता. सकाळी कसाबसा घ्यायचा. दुपारी सीटखालचा कप्पा तापला की नुसती रिलेची (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची) टकटक, आणि गिऱ्हाईक लाइफ जॅकेट घालून काठावर उभं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, पाणी गेलं असेल, बॅटरी बदला. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. रिलेही बदलून पाहिला. स्वस्तातला माल, आत तांबंच कमी घातलं असणार, असं माझं मत तेव्हा होत चाललं होतं.

ते मत कुहीच्या बॅटरीवाल्या मिस्त्रींनी बदललं. त्यांचा रोजचा धंदा ट्रॅक्टरच्या सेल्फचा. इथं सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड (करंट जोडणारा चुंबकी स्विच) नाही, रिले वेगळ्या डब्यात आहे, एवढं बघून घेतलं आणि थेट मल्टिमीटर काढला. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी सेल्फच्या अंगावर, तीही रंग टोकरून. मला बटण दाबायला लावलं. काटा एक व्होल्टच्या वर. म्हणाले, "भाऊ, सेल्फ चांगला आहे. याले अर्थिंगच भेटून नाही राहिली."

एक व्होल्ट थोडा वाटतो, पण हिशोब करा. असा सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. शंभर अँपिअरला शंभरांश ओहमचा अडथळा आडवा आला तरी एक व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा-साडेदहावर उतरलेली असते, आणि तापलेल्या तांब्याचा रोध वाढलेला असतो. मे महिन्यातल्या दुपारी टकटक का व्हायची, ते इथं उलगडलं.

सेल्फ उतरवून कानांची पाठ आणि वायसरखालची जागा पॉलिश पेपरने चकाचक केली. नाकाच्या ओ-रिंगच्या खाचेला मात्र हात लावू नका, तिथं ओरखडा पडला तर गळती. बसवल्यावर बाहेरून व्हॅसलीनचा हात फिरवला. आणि हो, हे काम करण्याआधी सीट काढून हवा खेळू द्या आणि मायनस केबल पहिली सोडा. मशीनच्या बंद पोटात (हलमध्ये) पेट्रोलची वाफ साचते, एक ठिणगी पुरते.

नंतर तोच सेल्फ असा फिरला की ओरिजिनलमध्ये आणि त्याच्यात फरक सांगता येईना. भर उन्हातही एका दमात इंजिन घ्यायचा. उरलेला हंगाम त्याने एकदाही अडवलं नाही, हे मनापासून सांगतो. मालवण-तारकर्लीकडचे लोक गंजाची तक्रार करतात ती खाऱ्या पाण्याची. आपलं पाणी गोडं, तो निकष इथं जसाच्या तसा लावू नका.

पण पावसाळा आपल्यालाही आहे. धरणाच्या 33 दरवाज्यांपैकी काही उघडायला लागले की आमच्या फेऱ्या बंद, मशीन शेडमध्ये, हवा दमट. दिवाळीआधी पाहिलं तर अंगावरचा रंग नवा कोरा आणि लांब बोल्टांच्या डोक्यांवर गंज. मागच्या बुशमधून (शाफ्टचं टोक ज्यात फिरतं) कर्कश आवाज, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) बरेच झिजलेले. म्हणजे जिथं रंग नको होता तिथं थर, जिथं हवा होता तिथं नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: कानांचा रंग खरवडलेला आहे, वॉरंटी संपली. ज्या रंगामुळे माल चालत नव्हता, तोच काढला म्हणून वॉरंटी नाकारली! हा राग अजून गेलेला नाही.

मग मिस्त्रींनी जुना ओरिजिनल उघडला. आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) शाबूत होतं, फक्त कार्बन संपलेले आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याची पट्ट्यांची कडी) काळा पडलेला. मापाला घासून कार्बन बसवले, बुश बदलला, कम्युटेटरच्या फटी साफ केल्या. खर्च आफ्टरमार्केटच्या किमतीच्याही बराच खाली. आता मशीनवर तो आहे, आणि आफ्टरमार्केट नवे कार्बन घालून स्पेअर म्हणून डब्यात. त्यामुळे ओरिजिनल गेला की नवा कुठलाही मागवण्याआधी तो एखाद्या ट्रॅक्टरवाल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडून घ्या. आर्मेचर जळालं असेल तरच आफ्टरमार्केट पाहा, आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून कानांच्या पाठीचा फोटो मागा. काळा रंग दिसला तर खरवडूनही वॉरंटी राहील, असं त्याच्याकडून लिहून घ्या.